जज्जसाहेबांच्या घरची शिलाई

पासिर रिस, सिंगापूर
६ नोव्हेंबर १९९४

प्रिय मेधा,

दिवाळी झाली. फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पाच पणत्या लावल्या, तर शेजारच्या मिसेस टॅन येऊन विचारून गेल्या की तुमची वीज गेली का. सेरंगून रोडच्या गिरणीतून भाजणी दळून आणली होती. चकल्या बऱ्या झाल्या, पण आईच्या चकलीसारखा काटा काही येत नाही. किमयानं दोन खाल्ल्या आणि उरलेल्या शाळेत नेऊन मैत्रिणींना 'इंडियन प्रेट्झेल' म्हणून वाटल्या.

पत्र लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. गेले पंधरा दिवस इथल्या पेपरात एकच विषय चालू आहे. मंत्री, मोठे अधिकारी आणि न्यायाधीश यांना पगार किती द्यावा. सरकारचं म्हणणं असं की बाहेर नामवंत वकील आणि बँकवाले जितकं कमावतात त्याच्या आसपास दिलं नाही तर चांगली माणसं येणार नाहीत, आली तर टिकणार नाहीत. श्रीनिवास सकाळी शिपयार्डला जाण्यापूर्वी मोठ्यानं वाचून दाखवतो. काल म्हणाला, "मेधाला कळव, अर्ज टाकून दे म्हणावं." टॅक्सीवाला अंकल मात्र चिडलेला होता. मला म्हणाला, "माझं मीटर पण त्यांच्या पगाराला जोडा, लाह." ('लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट.)

मला सारखी अण्णांची आठवण येते. त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली. हे वाचून ते काय म्हणाले असते? मला वाटतं, चष्मा काढून विचारलं असतं, "म्हणजे आम्ही कमी पगारात कमी न्याय दिला, असं म्हणायचंय का यांना?"

तूही न्यायाधीशच, तुला किती मिळतो गं आता? अण्णा कधी सांगायचे नाहीत. तू सांग.

तुझी,
मधूताई

———

न्यायाधीश निवास, देवखेड
१२ डिसेंबर १९९४

प्रिय मधूताई,

पगार सांगत नाही. तू लगेच त्याचे डॉलर करशील आणि मग तुला वाईट वाटेल.

बाकी सांगते. कोर्टाची इमारत जुन्या कचेरीची आहे. पावसाळ्यात माझ्या डायसच्या डाव्या बाजूला बादली असते, आणि साक्ष चालू असताना तिच्यात थेंब पडला की वकील थांबतात. कायद्याची पुस्तकं मी माझ्या पैशांनी घेते. गाडी नाही. शनिवारी पुण्याला घरी, प्रबोध आणि वरदकडे जायचं तर एसटी. गेल्या महिन्यात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला अर्धा पेरू दिला. मी नको म्हटलं. उतरताना नमस्कार करून म्हणाले, "सोमवारी आपल्यापुढंच तारीख आहे." तेव्हापासून मी डबा काढून तोंड भरलेलं ठेवते, म्हणजे कुणी काही देऊ करत नाही.

सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आमचे पगार आणि घरं सुधारा. राज्यं म्हणतात, तिजोरी परवानगी देत नाही. दाव्यांवरची कोर्ट-फी मात्र ती तिजोरी घेते. हे मी न्यायाधीश म्हणून नाही, बहीण म्हणून लिहितेय. पत्र जपून ठेव.

अण्णांबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे. फक्त ते चष्मा काढून नाही, पुसून विचारायचे.

तुझी,
मेधा

———

देवखेड
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय मधूताई,

दीड वर्षात तुझी दोन ग्रीटिंग कार्डं आली आणि माझं एकही उत्तर गेलं नाही. रागावू नकोस. इथे एका न्यायाधीशाची जागा रिकामी आहे आणि दोघांचं काम माझ्याकडे आहे.

दोन गोष्टी आहेत.

पहिली. वरदला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण विनाअनुदानित कॉलेजात. फी ऐकून प्रबोध दोन दिवस वहीत आकडेमोड करत होता. त्याच आठवड्यात एका कारखान्याकडून मला विचारणा आली. कायदा अधिकारी, पुण्यातच, पगार आत्ताच्या तिप्पट. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. अजून दिलेला नाही.

दुसरी. आमच्या पगारांचा विचार करायला केंद्रानं आयोग नेमला आहे. सगळ्या राज्यांना विचारणार की वाढ दिली तर तुमच्यावर बोजा किती पडेल. राज्यं आकडा सांगतीलच. आमच्या संघटनेनं ठरवलंय की दुसरी बाजूही मांडायची, न्यायाधीशांच्या घरांनी आजवर कसं भागवलं ते. जुन्या काळातल्या एका घराची हकिकत हवी आहे, आणि ती मी लिहायची असं ठरलं. मला अण्णांचं घर सोडून दुसरं कुठलं घर माहीत आहे? पण मी तिथे आश्रित होते. लेक तू होतीस. आठवेल ते लिहून पाठव. साल १९६२ धर, आपण याच देवखेडला होतो तेव्हाचं. योगायोग बघ, मी त्याच गावात बसून तुला हे लिहितेय.

तुझी,
मेधा

———

पासिर रिस
८ सप्टेंबर १९९६

प्रिय मेधा,

राजीनामा देऊन टाक. हे पत्र वाचून झालं की लगेच टपालपेटीकडे जा. अण्णांनी तरी काय मिळवलं? निवृत्त झाले तेव्हा स्वतःचं घर नव्हतं. सांगलीचं घर शेवटी मुलानं, संजीवनं बांधलं, त्यात ते सहा वर्षं राहिले आणि गेले. तू त्यांच्यासारखं करायचं कारण नाही.

आता १९६२. तू मागितलंस म्हणून आज सकाळी खाडीकडच्या बाकावर वही घेऊन बसले. समोर मलाय कुटुंबं सहलीला आली होती, चुलीवर मासे भाजत होती, आणि मला देवखेडच्या बंगल्याच्या मागचा आड दिसत होता.

बंगला म्हणायचं, पण कौलं सरकारी आणि उंदीरही सरकारी. पुढच्या खोलीत अण्णांचं टेबल, त्यावर हिरवं कापड. आपण त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. कोर्टातले नाझर येत, बेलीफ येत, पण 'बसा' म्हणायची सोय नव्हती. गावात कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं नाही. आई खिडकीतून बायका जाताना बघायची. आंब्यांच्या दिवसांत दारात करंड्या यायच्या आणि पट्टेवाला त्या तशाच परत नेऊन द्यायचा. तू एकदा एक हापूस काढून घेतलास आणि अण्णांनी पट्टेवाल्याबरोबर तुला पाठवलं, हातानं परत करायला. आठवतं? तू रस्ताभर त्याचा वास घेत गेलीस.

रविवारी आई शेंगदाण्याची आमटी करायची. तांदूळ निवडताना अण्णा आपल्याला संस्कृत शिकवायचे. मला एकच खंत आहे, तेव्हा ते सुख आहे हे कुणी सांगितलं नाही.

सांगण्यासारखं याहून फार काही नाही. पैशांची ओढाताण होती, पण कमी पडलं असं मला आठवत नाही. आई भागवायची.

तुझी,
मधूताई

———

देवखेड
२ ऑक्टोबर १९९६

प्रिय मधूताई,

पत्र तीनदा वाचलं. हापूस आठवतो.

पण मी रोज साक्षी ऐकते. साक्षीदार 'याहून फार काही नाही' म्हणाला की वकील तिथूनच सुरुवात करतात. तू घरातली एकेक वस्तू लिहिलीस, आडसुद्धा, आणि माजघरातलं शिवणयंत्र राहिलं. ते पायानं चालवायचं होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. अण्णा कोर्टात गेले की सुरू व्हायचं आणि साडेपाचला बंद. त्या आवाजात मी पाढे पाठ केले. तू ते विसरलीस असं मला वाटत नाही.

तुला अडवायचं म्हणून नाही लिहीत. मला काय माहीत आहे ते आधी सांगते. माझे बाबा गेल्यावर मावशी मला तुमच्याकडे घेऊन आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अण्णांच्या पगारात आणखी एक ताट बसत नव्हतं. एकदा शिरस्तेदारांच्या बायकोला मावशी सांगत होती, "मेधाची फी, पुस्तकं आणि गावाकडे तिच्या आईला महिन्याला वीस रुपये, एवढं या यंत्रावर निघतं. त्यांच्या पगाराला मी हात लावत नाही." मी दाराआड होते. तेव्हापासून ते यंत्र चालू असलं की मी पुस्तक खाली ठेवायची नाही. मी परीक्षांत पहिली यायची ते हुशारीनं नव्हे, भीतीनं.

मग त्या वर्षी डिसेंबरात, शाळा चालू असताना, आपली अचानक बदली झाली. अण्णा जिल्हा न्यायाधीश कधी झाले नाहीत. मला कायम वाटत आलंय की या सगळ्याच्या मुळाशी मी आहे. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, प्रबोधलासुद्धा नाही.

तुझी,
मेधा

———

पासिर रिस
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय मेधा,

सात आठवडे लागले. दोन पत्रं लिहून फाडली.

मुळाशी तू नाहीस. मी आहे.

आई पोलकी शिवायची आणि मी ती पोचवायची. शाळेच्या पिशवीत, वह्यांच्या खाली. अण्णांना कळू द्यायचं नाही, एवढंच आईनं सांगितलं होतं. मला त्यात मजा वाटायची. मी तेरा वर्षांची होते, आणि गावात कुणाच्याही घरात न जाणारी जज्जसाहेबांची मुलगी पोलकी द्यायला मात्र सगळ्या घरांत जायची. मला पाटावर बसवायचे, लाडू द्यायचे. मी खायची.

चिंचेच्या बोळात एक विधवा बाई राहायच्या, कारखानीसबाई. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून सात पोलकी. पोचवली तेव्हा त्यांनी शिलाई दिली आणि वर पाच रुपये माझ्या हातात ठेवले. म्हणाल्या, "हे तुझ्या खाऊला. साहेबांना आमची आठवण असू दे." मी घेतले. त्यांचा दिरांशी वाड्याच्या हिश्शाचा दावा अण्णांपुढे चालू होता हे मला ठाऊक नव्हतं. पण मेधा, "साहेबांना आठवण असू दे" म्हणजे काय हे तेरा वर्षांच्या मुलीला अगदीच कळत नाही असं नसतं. मी त्या पैशांचं शाईचं पेन घेतलं. निळं होतं. आईला सांगितलं, शाळेत बक्षीस मिळालं.

तिथून पंधरा दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. दिरांचे वकील बार रूममध्ये हसत म्हणाले म्हणे, की वादीच्या घरचं लग्न जज्जसाहेबांच्या घरी शिवलं जातंय. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. मला बोलावून विचारलं, "तू शिवण घेऊन कुठं जातेस?" मी म्हटलं, "मी नाही जात. मैत्रिणीकडे जाते." त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. पुढे बदली झाली, तुला माहीत आहे. बैलगाडीत सामान चढवताना मी ते पेन आडात टाकलं.

श्रीनिवासनं इथे आल्यावर मला हौसेनं शिवणाचं यंत्र आणलं होतं. मी ते खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं. त्याला वाटतं मला शिवणाचा कंटाळा आहे.

अण्णांनी माझं खोटं खरं मानलं, आणि त्यांना वाटत राहिलं असेल की मुलगी निरपराध आहे. हे आयोगाला लिहिणार आहेस का? लिही किंवा लिहू नकोस. तू न्यायाधीश आहेस.

तुझी,
मधूताई

———

देवखेड
१० जानेवारी १९९७

प्रिय मधूताई,

नाताळच्या सुटीत सांगलीला मावशीकडे गेले होते. तुझ्या पत्रातलं तिला काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की त्या वर्षाबद्दल लिहायचंय, तुझी परवानगी हवी. मावशी म्हणाली, "माझी परवानगी कशाला, कागदच घे." आणि ट्रंकेच्या तळातून एक पाकीट काढून दिलं.

अण्णांनी जिल्हा न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची प्रत आहे, त्यांच्याच हातची. मूळ इंग्रजी आहे. मधला भाग मराठीत देते.

"सदर दाव्यातील वादी यांचे कपडे माझ्या घरी शिवण्यात आले आहेत. घरातील शिवणकाम माझ्या पूर्ण माहितीने व संमतीने चालू होते. कपडे पोचवण्याचे काम मी सांगितल्यावरून होत असे. घरातील अन्य कोणाचाही यात दोष नाही. दावा माझ्याकडून काढून घेण्यात यावा, आणि माझ्याविषयी योग्य तो निर्णय घ्यावा."

ताई, हे मी दहा वेळा वाचलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी मावशीला विचारलेलं "हे कधीपासून चाललंय?" मी स्वतः ऐकलं. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसला असं तुला वाटत आलंय. बसला नव्हता. 'कपडे पोचवण्याचे काम' हे तीन शब्द त्यांनी तुझ्यासाठी लिहिलेत. तू खोटं बोललीस आणि त्यांनी ते सरकारी कागदावर स्वतःच्या नावावर घेतलं. माहिती नव्हती असं खरं लिहिलं असतं, तर कदाचित नुसती समज मिळून सुटले असते. संमती होती असं लिहिल्यावर गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आलाच.

मला पेच पडला आहे. हा कागद आयोगापुढे ठेवला तर सगळे हळहळतील. पण त्यातलं विधान असत्य आहे हे मला माहीत आहे. ते माहीत असताना मी तो पुरावा म्हणून कसा देऊ? आणि असत्य आहे असं सांगून दिला, तर अण्णांच्या नावापुढे काय लिहिलं जाईल?

तू सांग. यात तुझा हक्क माझ्याहून मोठा आहे.

तुझी,
मेधा

———

पासिर रिस
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय मेधा,

कागद देऊ नकोस. तो त्यांनी एकाच माणसाला लिहिला होता.

बाकी सगळं लिही. यंत्र लिही, तुझी फी लिही, माझी पिशवी लिही, पाच रुपयेही लिही. माझं नाव घाल.

तुझं पत्र मी एमआरटीच्या गाडीत उघडलं, कामावर जाताना. तानाह मेराहला उतरायचं होतं, ते निघून गेलं. शेवटी सिटी हॉलला उतरले आणि फलाटावर बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी टिश्यूचं पाकीट पुढे केलं. कामावर तासभर उशीर झाला. साहेबांना सांगितलं की गाडी चुकली. मग परत गेले आणि सांगितलं की गाडी चुकली नव्हती, घरचं पत्र वाचत होते. ते म्हणाले, "ओके लाह, मिसेस श्रीनिवास, बसा."

राजीनाम्याचं मी मागे फार जोरात लिहिलं होतं. ते मागे घेते. दे असंही म्हणत नाही, देऊ नकोस असंही नाही. वरदच्या फीला आम्ही मदत करू का, हे विचारणार होते. मग वाटलं, तू कुणाच्या तरी यंत्रावर एकदा शिकली आहेस, दुसऱ्यांदा नको म्हणशील. तरी विचारते.

तुझी,
मधूताई

———

देवखेड
२० एप्रिल १९९७

प्रिय मधूताई,

सुनावणी झाली. पुण्याला, एका सरकारी सभागृहात, पंखे चालू आणि माइक बंद.

सरकारतर्फे एक अधिकारी आले होते. सभ्य माणूस. त्यांनी तक्ता मांडला. राज्यात न्यायाधीश किती, प्रत्येकाला वाढ दिली तर वर्षाला किती कोटी, घरं बांधली तर किती, गाड्या दिल्या तर किती. मग म्हणाले, "हा खर्च राज्याला नव्यानं करावा लागेल."

माझी पाळी आली. मी लिहून नेलेलं वाचलं. आंबे, आड, शिवणयंत्र. साडेपाचला बंद व्हायचं ते. एक मुलगी पिशवीतून पोलकी न्यायची तेही, तुझ्या नावासकट. तुझं नाव घेताना माझा आवाज नीट राहिला, याचा मला अभिमान आहे. शेवटी म्हटलं, "साहेब, हा खर्च नवा नाही. आजवर तो घरातल्या बायकामुलांनी केला, म्हणून तक्त्यात दिसला नाही." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा ठिकाणी वाजवत नाहीत. लघुलेखकानं मान वर करून पाहिलं तेवढंच.

बाहेर चहाच्या टेबलाशी ते अधिकारी माझ्याजवळ आले. "मॅडम, माझी आई पापड लाटायची. तुम्ही बोललात ते खरं आहे. पण आकडा तोच राहतो." मी म्हटलं, "माहीत आहे. तो आकडा चूक आहे असं मी म्हटलंच नाही." आम्ही दोघांनी चहा संपवला.

काही तरी मिळेल म्हणतात, पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या. मिळेल तेव्हा बघू.

राजीनामा फाडला. फार मोठं कारण नाही. माझ्यापुढे एकोणीस वर्षांचा एक वाटपाचा दावा आहे, पुरावा पुरा झालाय, निकाल लिहायचा राहिलाय. मी गेले तर नव्या माणसापुढे सगळं पुन्हा. त्यातली एक बहीण आता ऐंशीची आहे. कारखान्याला मी तसं कळवलं, त्यांनी दुसरा माणूस घेतला. वरदसाठी बँकेचं कर्ज काढलंय. तुझी मदत नको म्हणते, पण तू विचारलंस हे प्रबोधला वाचून दाखवलं.

मावशीला विचारूनच सगळं वाचलं होतं. तिची एकच अट होती. "शिलाई चांगली असायची, एवढं लिही." लिहिलं.

आता तुझ्यावर एक काम आहे. संजीव म्हणतो, मावशी जूनमध्ये तुझ्याकडे यायला तयार आहे. आली की पाच रुपयांचं तिला सांग, ते मी तिच्यापाशी बोललेले नाही.

तुझी,
मेधा

———

पासिर रिस
२९ जून १९९७

प्रिय मेधा,

आई येऊन तीन आठवडे झाले. विमानात तिनं जेवणाचा ट्रे पुसून परत दिला. लिफ्टची तिला भीती नाही, मिसेस टॅनशी ती मराठीत बोलते आणि त्या आपल्या हॉक्कियन चिनीत, आणि दोघींचं भाजीच्या भावावर एकमत होतं. किमयाला ती घावन शिकवते. किमयाला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "पोलक्यावरून आजोबांचं प्रमोशन गेलं? सो अनफेअर, लाह." मग थोड्या वेळानं, "यू वेअर सो स्मॉल, आई."

माझ्या आईला सांगायला मात्र मला दोन आठवडे लागले.

गेल्या रविवारी तिला सेरंगून रोडला नेलं. तिथे दुकानांपुढच्या पाच फुटी छपरी वाटेवर शिंपी बसतात, यंत्रं मांडून. आई एकापुढे उभी राहिली. टांगलेलं एक ब्लाउज उलटं करून शिवण पाहिली आणि मला म्हणाली, "बाहीला गोट घालताना कापड ओढलंय. दोन धुण्यांत वाकडं होईल." शिंप्याला मराठी कळलं नाही, पण अर्थ कळला असावा. त्यानं ते उतरवून आत ठेवलं.

परत येऊन खाडीकडे बसलो. ऊन उतरलं होतं, मुलं पतंग उडवत होती. मी सांगितलं. पिशवी तिला माहीतच होती. कारखानीसबाईंचे पाच रुपये सांगितले, पेन सांगितलं, अण्णांशी खोटं बोलले ते सांगितलं. ती पतंगांकडे बघत होती.

"पेनाचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या शाळेत बक्षिसाला पाटी देत, पेन कोण देतं?"

"आणि अण्णांना?"

"त्यांना सगळं मीच सांगितलं. त्याच संध्याकाळी. रात्र जाऊ दिली नाही."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, मुलीला आता काही विचारू नकोस, ती आपणहून सांगेल. पण तू काही सांगितलं नाहीस." ती मला दोष देत नव्हती. झालं तसं सांगत होती. "मग ते पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, अहो, हे खोटं आहे, तुम्ही कुठे संमती दिली होती? तर म्हणाले, आता देतो. तू यंत्र बंद करू नकोस. मेधाची फी आहे."

मला वाटलं होतं, यंत्र देवखेडलाच थांबलं. तुलाही तसंच वाटतं ना? आई म्हणाली, थांबलं नाही. पुढच्या गावी आपण दोघी मोठ्या शाळेत गेलो, दिवसभर घरी नसायचो, म्हणून आपल्याला ऐकू आलं नाही. अण्णांची एकच अट होती. दर शनिवारी कोर्टाचा पुढच्या आठवड्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या दाव्यांची यादी, ते घरी आणायचे, आणि आईनं गिऱ्हाइकांची नावं सांगायची. दोघं ओसरीवर बसून एक नाव तिचं, एक नाव त्यांचं, असं ताडून बघायचे. बोर्डावर नाव निघालं की ते कापड परत.

"निघालं कधी?" मी विचारलं.

"दोनदा. एकदा मामलेदारांच्या मेहुणीचं. दिलं परत, ती रुसली." आईला हसू आलं. मी तिला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून हसत होती. "दुसऱ्या वेळी मी म्हटलं, अहो, हे मी कालच कापलं, आता परत काय देऊ, तुकडे? तर त्यांनी खूप वेळ विचार केला. मग म्हणाले, कापून झालंय तर शिवून टाक, बाईचं नुकसान नको. आणि सोमवारी जाऊन दावाच दुसऱ्या कोर्टात पाठवून दिला."

तुझी,
मधूताई